मरळ बुडून मरते

साकोली, जि. भंडारा

चि. मिनू,

पोटोमॅक नदीच्या काठावरच्या पाटीचा फोटो मिळाला. ‘मासा सापडला तर परत सोडू नका, मारा, असं लिहिलंय, पण मामा, ही तर आपली मरळ!’ असे तू लिहिलेस. ओळखलीस बरोबर, पण ती आपल्या मरळीची चुलत बहीण. तुझ्याकडची मूळची चीनकडची, चन्ना आर्गस. आपली चन्ना स्ट्रायाटा.

लहानपणी बोडीच्या पाळीवर बसून तू विचारायचीस, मासा सारखा वर येऊन काय गिळतो? हवा गिळतो, बाई. मरळीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात घड्या पडलेली, रक्ताने भरलेली त्वचा. मोठ्या मरळीला नुसते कल्ले पुरत नाहीत. जाळ्यात अडकून तिला वर येता आले नाही, तर ती पाण्यात बुडून मरते. मासा बुडून मेला, हे ऐकून तू केवढी हसली होतीस! पण हवा गिळण्याच्या याच सोयीवर ती उन्हाळ्यात बोडी आटली तरी ओल्या चिखलात तग धरते, आणि पाऊस लागला की धुऱ्यावरून सरपटत पलीकडच्या बांधीत जाते. रोवणीच्या वेळी बायांच्या पायाशी एखादी वळवळली की जो कालवा उठतो, तो तुझ्या कानात असेलच.

पावसाळ्यात जोडी काठाजवळचे गवत सारून गोल जागा करते. अंडी तरंगतात, दीड-दोन दिवसांत फुटतात. मग केशरी-लाल पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरतो आणि खाली आई-बाप पहाऱ्यावर. बेडूक येवो की माणसाचा हात, धावून जातात. म्हणूनच तेव्हा ती गळाला सहज लागते, आणि म्हणूनच आपले आबाजी लाल गोळा दिसला की गळ गुंडाळून घरी यायचे. त्यांना विचारले तर म्हणायचे, आज भूक नाही.

आता तुझ्या मेरीलँडची गोष्ट. २००२ साली क्रॉफ्टन गावच्या तळ्यात हा मासा सापडला. एका माणसाने आजारी बहिणीला सूप द्यायला न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे आणले होते. तोवर बहीण बरी झाली, मासे पाळले, जड झाले तेव्हा तळ्यात सोडून दिले. आजाऱ्याला मरळीचा रस्सा द्यावा, हे आपल्याकडेही म्हणतातच ना! पुढे तळ्यात रोटेनोन हे विष टाकले, तेव्हा सहा मोठे आणि हजारावर पिल्ले निघाली. त्याच वर्षी अमेरिकेने चन्नाची सगळी जात जिवंत आणायला बंदी केली, आपली मरळही त्यात आली. तरी २००४ मध्ये मासा पोटोमॅकमध्ये दिसलाच.

अमेरिकेला दोष देववत नाही. ती नदी त्या माशाची नव्हे. मला राग येतो तो आपला. रोटेनोन निघते एका वेलीच्या मुळातून. आपल्याकडे तेच काम मोहाची ढेप करते. कतला-रोहूचे बीज सोडण्याआधी तळ्यातली ‘नको असलेली’ मासळी मारायची, अशी मत्स्यशेतीची शिकवण, आणि त्या यादीत मरळ वरच्या नंबरावर, कारण ती बीज खाते. ढेपेतले सॅपोनिन रक्ताच्या तांबड्या पेशी फोडते, मग हवा गिळूनही काय उपयोग? जी इथलीच, तिलाच इथे उपरी ठरवले. कोहळी समाजाने खोदलेले तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, त्यात मासे कोणते ठेवायचे ते मासेमारी करणाऱ्या ढिवरांना कुणी विचारले नाही. तिकडे अर्जुनी मोरगावकडे मात्र भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवरांबरोबर बेशरमाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. मरळीला आडोसा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

२०२४ मध्ये तुमच्या राज्याने म्हणे त्या माशाला ‘चेसापीक चन्ना’ असे नवे नाव दिले, लोकांनी खावा म्हणून. मिळाला तर रस्सा कर, लसूण सढळ घाल. फक्त मेलेलाच घे, तिथे जिवंत बाळगणे गुन्हा आहे. इथे साकोलीच्या बाजारात मरळ टपात वळवळत नसेल, तर तुझी मामी हातसुद्धा लावत नाही.

तुझा,
मामा