नांदूर-मध्यमेश्वरचा हत्ती

मुलांच्या जिज्ञासेस योग्य वयात खाद्य मिळाले नाही तर ती पुढे आपोआप निवते, हा अनुभव पुष्कळ सुशिक्षित घरांतून येतो. हल्ली लहान मुले परदेशी पुस्तकांतल्या महाकाय सरड्यांची अवघड नावे मुखोद्गत म्हणतात. परंतु आपल्या पायांखालच्या भूमीत काय पुरलेले आहे, याची वार्ताही त्यांस नसते. नाशिककरांस ही उणीव भरून काढण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर, निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमानजीक नांदूर-मध्यमेश्वर आहे. हिवाळी पक्ष्यांकरिता हे स्थळ प्रसिद्ध आहे, आणि रामसर यादीत स्थान मिळाल्यापासून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. आम्ही मात्र गेल्या पौषात घरातील मुलांस घेऊन तेथे गेलो, ते एका हत्तीकरिता.

हा हत्ती आज हयात नाही. त्याची जातच नष्ट झाली आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील गाय पिलग्रिम यांनी येथील गोदाकाठच्या गाळात मिळालेल्या त्याच्या अवशेषांचे वर्णन १९०५ साली प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाच्या मापावरून त्याची खांद्यापर्यंतची उंची सुमारे साडेचार मीटर असावी, असे अलीकडील अभ्यासक मानतात. आकडा ऐकून मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, म्हणून निघण्यापूर्वी आम्ही तेवढी दोरी मापून माडीच्या खिडकीतून खाली सोडली. दोरीखाली उभे राहून वर पाहताना धाकट्याचे तोंड जे उघडले, ते बराच वेळ मिटले नाही!

वाटेत प्रश्नांची सरबत्ती चालूच होती. "काका, मग पांडवलेण्यांच्या डोंगरातही हाडे असतील का?" नसतात; आणि का नसतात, हेही मुलांस सांगण्याजोगे आहे. नाशिकभोवतालचे काळे डोंगर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे बनलेले आहेत, आणि त्या धगधगत्या रसात अस्थी टिकणार कशा? या पाषाणाच्या पोकळ्यांतून जे शुभ्र, चकचकीत स्फटिक निघतात, ती खनिजे होत, हाडे नव्हेत. महासरड्यांच्या अस्थी पाहिजेत तर चंद्रपूरकडील पिसदुरा गाठावे, किंवा १८२८ साली जेथे त्या प्रथम मिळाल्या ते जबलपूर. आपल्या हत्तीच्या अस्थी राहिल्या त्या नदीच्या कृपेने. पुराने आणलेल्या वाळूगाळाखाली त्या लवकर झाकल्या गेल्या, आणि झिरपणाऱ्या पाण्यातील क्षारांनी त्यांस हळूहळू पाषाणाचे रूप दिले.

नदीकाठी पोहोचल्यावर आम्ही मुलांस प्रथम दरड दाखविली. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, मधूनमधून चुनखडीचे खडे, आणि तळाशी चुन्याने घट्ट सांधलेले गोटे. हे एका ग्रंथाचे थर आहेत, खालचे पान सर्वांत जुने, एवढे सांगताच मुलांनी वह्या काढल्या व दरडीचे चित्र रेखाटले. त्या दिवशी हाड एकही दिसले नाही. तथापि कोणी हिरमुसले झाले नाही. थोरलीने विचारले, "हा हत्ती माणसाने पाहिला असेल का?" डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांनी निफाडजवळील गोदावरी-कादवेच्या काठांचे सर्वेक्षण १९४३ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे नाशिकजवळच गंगापूरच्या परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे उजेडात आणली, ही हकीकत आम्ही तिला सांगितली. तिने वहीत हत्तीशेजारी हाती दगड घेतलेला एक छोटा मनुष्य काढला.

खरा प्रसंग पुढे घरी उद्भवला. दुसरे दिवशी पूजेच्या वेळी धाकट्याने विचारले, "आजी, शाळिग्रामही तसाच का गं?" क्षणभर सगळेच स्तब्ध झाले. शाळिग्रामातील चक्र हे वास्तविक १४ कोटी वर्षांहून प्राचीन अशा सागरी प्राण्याच्या शंखाचे वेटोळे होय. हिमालय होण्यापूर्वी तेथे समुद्र होता, त्याची ती खूण गंडकीने वाहून आणली. हे सांगावे तर श्रद्धेस धक्का, न सांगावे तर मुलाशी अप्रामाणिकपणा! परंतु आजीनेच तोड काढली. "अरे, वज्रकीटाने चक्र कोरले, असे आमच्या लहानपणी सांगत. दगडात जीव होता, हे आम्हांसही ठाऊक होते." आणि तिने शाळिग्राम ताम्हनात घेऊन, स्वतःच्या हाताने फिरवून, त्यास वेटोळे दाखविले. पूजा नित्याप्रमाणे पार पडली.

आमच्या मते या विद्येचा आरंभ असाच व्हावा. मुलाचा प्रश्न "राक्षसाची हाडे असतील" म्हणून झटकून टाकू नये, की पावित्र्याच्या नावाखाली दाबूही नये. मात्र एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी: नदीकाठचे काही उचलून घरी आणावयाचे नाही. अभयारण्यात तर तशी मनाईच आहे. अस्थी ज्या थरात पडली तो थरच तिचे वय सांगतो. ती जागेवरून हलली की तिची निम्मी कथा संपली. वाळू व माती उपसताना अशा किती कथा नाहीशा होत असतील! कधी काही आढळलेच, तर छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि डेक्कन कॉलेजसारख्या जाणत्या संस्थेस कळवावे. दिवाणखान्यातील कपाटात एक हाड येण्यापेक्षा, मुलाच्या हाताने नीट भरलेले वहीचे एक पान आम्हांस अधिक मोलाचे वाटते.