ऐकायचं डोळ्यांनी

श्रावणातल्या संध्याकाळी पुण्याच्या नदीपात्रात ढोल ताणले जातात. पाऊस नुकताच उघडलेला असतो, मुठेवरच्या पुलांवर एकेक दिवा लागत जातो, आणि ओल्या मातीच्या वासात दोरीची करकर मिसळत राहते. कुणी ढोलावर गुडघा रोवून दोरी आवळत असतं, मध्येच टिचकी मारून पानाचा सूर अजमावतं, पुन्हा आवळतं. चामड्याचं पान दमट हवेत सैलावतं, रुसतं. हल्लीच्या फायबरला पावसाचं सुखदुःख नाही. मला ते रुसणारं चामडंच जवळचं वाटतं.

मग ढोल कमरेला. उजव्या हातात टिपरू, डावा पंजा थापीवर. पहिला ठोका कानाआधी पोटात पोचतो, बरगड्यांतून वर चढतो, आणि दिवसभराचं साचलेलं सगळं, कचेरीतली कटकट, घरातली अर्धी राहिलेली बोलणी, त्या कंपात विरघळत जातं.

पण पथकात विरघळूनही जागं राहावं लागतं. पुढे गळ्यात ताशा अडकवलेले वादक. वेताच्या बारीक काड्यांतून तर्री फुटते आणि हात बदलल्याची वर्दी सगळ्या ओळींना मिळते. मिळते, पण एकाच क्षणी नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. म्हणजे ताशापासून ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा कळतो. नुसत्या कानावर भिस्त ठेवली तर तो उशिरा वाजवणार, त्याच्या मागचा आणखी उशिरा, आणि मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या दुतर्फा भिंतींवरून परतणारा नाद त्यात मिसळला की ताल उसवत जातो. म्हणून मान वर, नजर पुढच्या काड्यांवर, पुढच्या ओळीतल्या वर गेलेल्या टिपरांवर.

ऐकायचं डोळ्यांनी.

शेजारी यंदा एक नवी मुलगी आहे. बोटांना चिकटपट्ट्या, टिपरू घट्ट आवळलेलं, ओठ हलतायत. मनातल्या मनात मोजतेय. अशा वेळी आपला ठोका तिच्यावर आदळू द्यायचा नाही. मी हात हलका करते, टिपरू तिला दिसेल इतकं उंच नेते. थोड्या वेळानं तिचे ओठ थांबतात. आता अंगच मोजतंय! जोर सगळ्यांकडे असतो. आपला जोर कुठे आवरायचा, हे ज्याला उमगलं त्याच्या शेजारी वाजवण्यासारखं सुख नाही. मिरवणुकीच्या वाटेत दवाखाना आला की सगळं पथक मुकाट चालू लागतं, तेव्हाही मला तेच सुख भेटतं.

अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक अलका टॉकीज चौकाकडे मुंगीच्या पावलांनी सरकते. ऊन, गुलाल, घाम, मोरयाचा गजर. खांदे भरून येतात. मागून कुणीतरी ओळीत शिरतं, दोन आवर्तनं माझ्या हाताशी हात जुळवतं, आणि ठोका न तुटता ढोल त्याच्या कमरेला जातो. इतक्या आवडीची गोष्ट अशी चालत्या तालात दुसऱ्याच्या स्वाधीन करताना मन जरा अडतं. अडू द्यावं. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे ताशांपर्यंत जाते. त्यांचे हात मोकळे नसतात, म्हणून बाटली आपणच त्यांच्या ओठांशी धरायची, त्यांच्या मानेच्या झोक्याबरोबर झुलवत, आणि तर्री संपायच्या आत बाजूला व्हायचं.