गिअर हळू टाकू नका

मोटारबोट शिकणाऱ्याला ‘सगळे सावकाश’ हा पहिला धडा मिळतो. थ्रॉटलपुरता तो रास्त आहे. गिअरला लावला की घात होतो. गिअर टाकायचा तो इंजिन अगदी संथ असताना, पण एका ठाम झटक्यात. कारण आउटबोर्डच्या तळाच्या पेटीत सापडते. तिथे उभ्या शाफ्टच्या टोकाचे दातेरी चाक पुढचा आणि मागचा असे दोन्ही गिअर एकाच वेळी, उलटसुलट दिशांना फिरवत असते. पंख्याच्या शाफ्टवर सरकणारा डॉग क्लच त्यांतल्या एकात अडकतो. मधोमध असला की न्यूट्रल. मोटारगाडीत दोन भागांचे वेग आधी जुळवून घेणारी सिंक्रोमेशची सोय असते, इथे ती नसते. इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल आणि गिअरचे प्रमाण दोनास एक असेल, तर तो गिअर सेकंदाला जवळजवळ सहा वेळा फिरतो. लिव्हर चाचपत ढकलली की दात आत बसण्याऐवजी कडांवर आपटत राहतात. त्या करकरीला कित्येक जण गिअर ‘बसण्याचा’ आवाज समजतात. खरे तर तेव्हा कडा झिजत असतात. झिजलेला गिअर मग भार आल्यावर सुटतो, म्हणजे नेमका ओहोटीच्या ओढीत, खडकाजवळ.

ठामपणा म्हणजे घाई नव्हे. आधी थ्रॉटल पूर्ण खाली, मग न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, फेरे उतरू द्या, आणि मगच पुढचा गिअर. थंड इंजिन सुरुवातीला जरा चढ्या फेऱ्यांवर चालते. तेवढ्यात जेटी सोडायची घाई क्लचला महागात पडते. इंजिन बंद असताना तर लिव्हरवर जोर करूच नये: दात समोरासमोर आलेले असले, तर ताण केबलवर येतो.

यावर तांडेलांचा आक्षेप ठरलेला: समोर होडी आडवी आली तर न्यूट्रलमध्ये थांबायला वेळ कुणाला आहे? बोटीला ब्रेक नाही, रिव्हर्स हाच ब्रेक. संथ वेगात, जेटीला लागताना, हे खरे. पण भरधाव बोट रिव्हर्समध्ये टाकली तर इंजिन बंद पडू शकते, आणि वाहते पाणी पंख्यामार्फत ते उलटे फिरवून एक्झॉस्टच्या वाटेने पाणी आत ओढू शकते. मागून येणारी स्वतःचीच लाट बोटीत शिरते ती वेगळीच. शिवाय आउटबोर्डची बोट वळते ती पंख्याच्या रेट्याने. इंजिन गेले की वळणेही जवळजवळ गेले. अशा वेळी थ्रॉटल उतरवून, थोडा रेटा ठेवून वळवणे बरे.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रणांचा. इलेक्ट्रॉनिक लिव्हरच्या अनेक प्रणाली फेरे उतरेपर्यंत गिअर रोखून धरतात, आणि मोठ्या डिझेल इनबोर्डला तेलदाबावर चालणारा चकत्यांचा क्लच असतो. तिथे झटक्याची गरजच नाही. मान्य. पण क्लच वाचला म्हणून वेळ वाचत नाही: लिव्हर मागे ओढल्यावर बोट प्रतिसाद देईपर्यंतचे अंतर पाण्यावर कापले जातेच, आणि ते शिकाऊ हाताला आधी ठाऊक हवे. उलट मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना नेणाऱ्या लहान बोटींवर साधी केबलच जास्त, म्हणून शिकवणी तिच्यावरच व्हावी.

न्यूट्रलवरही फार विसंबू नये. पेटीतल्या तेलाच्या ओढीने पंखा न्यूट्रलमध्येही हळू फिरत राहू शकतो. स्नॉर्केलिंगचे लोक शिडीला लागले, की लिव्हर मधे आणून भागत नाही. किल्ली फिरवून इंजिनच बंद करावे.