मिरिसाचे देवमासे

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मिरिसा हे कोळ्यांचे बंदर आहे. देवमासा पाहायचा तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जावे. तेव्हा तिथला समुद्र शांत असतो. होडी सकाळी लवकर निघते, म्हणून न्याहारी हलकीच करा.

आधी श्वासाचा उंच फवारा दिसतो. निळा देवमासा इथे ७०-८० फुटांपर्यंत भरतो, पण तो मासा नव्हे. त्याची मादी गाईसारखी पिलाला दूध पाजते. पाठीची कमान झाली की कॅमेरा सज्ज ठेवा; बुडी मारताना पुष्कळदा शेपूट वर येते. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग असावा.

मात्र फोटोसाठी होडी जवळ घ्यायला सांगू नका. मोठ्या जहाजांची वाट इथूनच जाते आणि धडकेने देवमासे मरतात. २०२२ साली एमएससी या जहाज कंपनीने आपली जहाजे आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. नुकत्याच व्यालेल्या गाईपासून आपण चार पावले दूर राहतो ना? तेवढी समज इथेही पाळा.