गुरुजी, टिंब होया

1991च्या जूनमध्ये मी बार्शीहून निघून कणकवलीला एस.टी.तून उतरलो, तेव्हा पिशवीत दोन सदरे, डी.एड.चं प्रमाणपत्र आणि नेमणुकीचा आदेश एवढंच होतं. वय 20. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पटावर 31 मुलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, वीज नाही. मुख्याध्यापकाचं काम बघणाऱ्या बाई त्याच पंचक्रोशीतल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला सात वर्षं उरली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण मुलांना लिहावाचायला शिकवणं मला थोडंफार आलं असेल, तर ते त्यांच्यामुळे आणि त्यांच्या टेपरेकॉर्डरमुळे.

शाळेला मिळालेला एक कॅसेट प्लेअर आधीपासून होता. केंद्र सरकारच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून त्या काळात प्राथमिक शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअर दिले जात. आमचा डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवून कपाटात कुलपात ठेवलेला होता. मी महिन्यातून एकदा तो बाहेर काढी, पुसून परत ठेवी. मोडला तर पगारातून वसुली होईल, ही धास्ती. बाईंचा टेपरेकॉर्डर वेगळा. त्यांच्या भावाने आखातातून आणलेला टू-इन-वन, तांबडं बटण असलेला, म्हणजे आवाज भरूनही घेणारा. सेल त्या स्वतःच्या पैशाने आणत. पावसाळ्यात कॅसेटला दमट हवा लागू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवत.

माझ्याकडे पहिली-दुसरी होती. मी मेहनत करत होतो, हे खरं. बाराखडी मुलं एका सुरात म्हणत, बाहेरून जाणारा माणूस थांबून ऐके. मला वाटे, वर्ग चांगला चाललाय. मुलांचं बोलणं मात्र मला अर्धंही कळत नव्हतं, आणि ते आपलं अज्ञान आहे असं माझ्या मनातही येत नव्हतं. ती अशुद्ध बोलतात आणि मी त्यांना शुद्ध करायला आलोय, अशी माझी समजूत होती. खरं तर मी स्वतः घरी ‘वढा’, ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणत वाढलो. डी.एड.च्या पहिल्या वर्षी वर्गात कुणीतरी हसलं आणि मी ते शब्द टाकून दिले. जे माझ्याकडून हिसकावलं गेलं, तेच मी या मुलांकडून हिसकावत होतो. हे समजायला मला एक कॅसेट ऐकावी लागली.

दिवाळीनंतरची गोष्ट. बाई म्हणाल्या, तुमचा एक पाठ भरून ठेवते, मला उपयोग होईल. मी आनंदाने तयार झालो. खिडकीच्या फळीवर टेपरेकॉर्डर ठेवून त्या आपल्या वर्गात गेल्या. 60 मिनिटांची कॅसेट, एक बाजू 30 मिनिटांची. शाळा सुटल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली, पाठोपाठ टेपरेकॉर्डरही दिला. “गुरुजी, रातीक बसान आयका,” एवढंच म्हणाल्या.

मी खोलीवर कंदिलाच्या उजेडात ऐकली. अर्धा तास जवळजवळ माझाच आवाज. मी विचारतो, मीच उत्तर देतो, मुलं शेवटचा शब्द एका सुरात म्हणतात. मधेच मी चित्र दाखवून विचारतो, “हे काय आहे?” एक मुलगी म्हणते, “व्हाळ.” मी म्हणतो, “व्हाळ नाही. ओढा म्हण.” ती म्हणत नाही. तिला काहीतरी सांगायचं आहे. “आमची म्हस व्हाळात...” आणि माझा आवाज येतो, “बस खाली.” त्यानंतर कॅसेट संपेपर्यंत त्या मुलीचा आवाज नाही. मग मला आठवलं, त्या कॅसेटवरच कशाला, ती वर्गातही कित्येक दिवसांत बोललेली नव्हती. मी तिला मठ्ठ समजत होतो. तशी नोंदही केली होती.

वर्गात उभा असताना मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. शिकवणाऱ्याला स्वतःचा वर्ग ऐकू येत नाही, त्याचं लक्ष पुढच्या वाक्यात असतं. दुसऱ्या दिवशी मी कॅसेट परत दिली. बाईंनी काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. फक्त त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीनंतर मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसू लागलो.

बाई काय करत ते सांगतो. एखाद्या मुलाला त्या कालचं काही सांगायला लावत आणि ते भरून घेत. दोन-चार वाक्यं, जास्त नाही. मग दोन-दोन शब्दांवर टेप थांबवत, मूल जसं बोललं तसंच फळ्यावर उतरवत. मग टेप पहिल्यापासून लावत आणि तेच मूल हातात छडी घेऊन ऐकू येणारा शब्द फळ्यावर दाखवत जाई. सुरुवातीला आवाज पुढे जाई आणि छडी मागे राही. मग मूलच ओरडे, थांबा. बोलताना दोन शब्दांमध्ये फट नसते, लिहिताना ती सोडावी लागते. आपल्याला हे इतकं सवयीचं झालेलं असतं, की मुलाला ते शोधावं लागतं हेच आपण विसरतो. बाईंच्या वर्गातली मुलं ते शोधत होती. कुठे काय लिहिलंय याचा अंदाज त्यांना बांधता येई, कारण मजकूर त्यांचाच होता. बालभारतीचं पुस्तक त्या बाजूला टाकत नसत, ते त्या नंतर उघडत.

फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ असे. डावीकडे मुलांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. व्हाळ, ओढा. मेर, बांध. चेडू, मुलगी. डावीकडचा शब्द पुसायचा नाही, हा नियम. एकदा एका मुलाने ‘वायंगण’ सांगितलं आणि उजवीकडे काय लिहायचं ते मला सुचेना. पावसाळ्यानंतर पाण्याच्या जागी घेतलं जाणारं भाताचं दुसरं पीक माझ्या बार्शीकडे मी पाहिलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, मग ती जागा मोकळी ठेवा. ती मोकळी जागा बरेच दिवस फळ्यावर होती.

ती मुलगी माझ्यासमोर बोलायला तयार नव्हती. बाई तिला टेपरेकॉर्डरसकट शाळेच्या मागे घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी परतल्या आणि कॅसेट मला देऊन म्हणाल्या, आज फळ्यावर तुम्ही लिहा. मी लावली. अगदी बारीक आवाज. “आवशीन माका इरलां दिल्यान.” लावणीच्या दिवसांत आईने तिला तिच्या मापाचं इरलं दिलं होतं, पाठीवर घेऊन ती पावसात भाताच्या कुणग्यात उभी राहिली होती. मी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि लिहिलं. ‘इरलां’ असं कानावर पडूनही माझ्या हाताने ‘इरला’ लिहिलं. टेप परत लागली. ती छडी घेऊन उभी होती. त्या शब्दापाशी छडी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फळ्याकडेच बघत म्हणाली, “गुरुजी, टिंब होया.”

त्या वर्षात ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. माझ्या नोंदीप्रमाणे तिला मुळाक्षरंही ओळखता येत नव्हती. आणि ती माझं शुद्धलेखन तपासत होती, तेही बरोबर. मी टिंब दिलं. माझा हात कापत होता, हे आज लिहायला हरकत नाही.

पुढची सहा-सात वर्षं मी बाईंच्या हाताखाली शिकलो. ही पद्धत त्यांनी कुठून आणली, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, चिठ्ठ्यांवरून. गावातल्या म्हाताऱ्या बायका मुंबईतल्या मुलांना पत्रं पाठवायच्या, त्या सांगायच्या आणि बाई लिहायच्या. लिहून झाल्यावर बायका म्हणत, आता वाचून दाखव. एखादा शब्द बदललेला असला की त्या लगेच ओळखत. मी खूप उशिरा फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर पीएच.डी. केली, तिथेच राहिल्या आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा काढली. मुलाच्या घरच्या बोलीचा मान आणि वाचनाची पद्धतशीर शिकवण, दोन्ही त्यांनी एकत्र धरलं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांकडून त्यांचेच शब्द मागून घेऊन वाचन शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’ हे पुस्तक 1963 सालचं. आमच्या बाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. वाचताना मला सारखं वाटत राहिलं, हे त्यांना दाखवायला हवं होतं.

सगळी मुलं वाचू लागली, असं मी म्हणणार नाही. एक मुलगा चौथी झाला तरी जोडाक्षरापाशी अडायचा. त्याला काय हवं होतं ते मला सापडलं नाही. तोही माझ्यावर बाकीच आहे.

1998 साली बाई निवृत्त झाल्या. 2003मध्ये मला आंतरजिल्हा बदली मिळाली आणि मी घरी, सोलापूर जिल्ह्यात आलो. निघताना त्यांनी माझ्या पहिल्या पाठाची ती कॅसेट मला दिली. इतकी वर्षं जपली होती. मी पत्र लिहीन म्हणालो. एक लिहिलं, दुसरं राहून गेलं.

आणि मी विसरलो. पत्राबरोबर शिकवणूकही. 22 जून 2015च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि गावोगाव डिजिटल शाळेची लाट आली. शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडत होते. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली, आणि 2020मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आमच्या गावानेही लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. मी भिंतीवर मुळाक्षरांचे रंगीत व्हिडिओ लावले. मुलं टाळ्या वाजवत गायची, पालक दारात उभे राहून बघायचे. दोन महिन्यांनी व्हिडिओ मधेच थांबवून भिंतीवरच्या ‘भ’वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मुलं ‘क’पासून म्हणत पुढे निघाली, ‘भ’ कुठे येतो ते त्यांना गाण्यातून मोजावं लागत होतं. 24 वर्षांपूर्वीची माझी बाराखडी, फक्त रंगीत. त्या रात्री मला बाईंची फार आठवण झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलवर मुलांचं बोलणं भरून घेऊ लागलो. फळ्याऐवजी ते मोबाइलवर टाइप करायचं आणि प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचं, बाकी सगळं बाईंचं. यात एक गोष्ट नवी मिळाली, ती बाईंना आवडली असती. कागदावर ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते. मोबाइलवर मात्र आधी ‘क’ दाबावा लागतो, मग वेलांटी, आणि ती उडी मारून क-च्या आधी जाऊन बसते. एक मुलगा म्हणाला, “वेलांटी दिसती आदी, पर येती मागनं.” उच्चाराचा क्रम आणि आकाराचा क्रम यांतला फरक मी इतकी वर्षं शिकवून एवढ्या नेमकेपणाने सांगितला नव्हता. जोडाक्षराचंही तेच. ‘त’ दाबला, पाय मोडायची खूण दाबली, ‘र’ दाबला, की डोळ्यांदेखत ‘त्र’ होतो. जोडाक्षर जोडलं जाताना मुलांनी पाहिलं. मला कणकवलीकडचा तो चौथीतला मुलगा आठवला.

2017मध्ये मोबाइलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली. मला वाटलं, आता टाइप करण्याचे कष्टही वाचले. एका मुलीने मोबाइल तोंडाशी धरून पावसाचं सांगितलं, “वढ्याला पानी आलं.” भिंतीवर वड्याला पाणी आलं. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ती मोबाइल खाली ठेवत म्हणाली, “गुरुजी, ह्याला आमचं कळंना.”

मी तो मोबाइल उचलला आणि ‘वढा’ हाताने टाइप केलं. शेजारी उभी रेघ ओढली, पलीकडे ‘ओढा’ लिहिलं. वर्गात तो शब्द मी स्वतः लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतरच्या सुट्टीत बाईंना भेटायला जायचं ठरवून फोन केला. त्यांच्या पुतण्याने उचलला. बाई 2011मध्येच गेल्या होत्या. मला कुणी कळवावं, इतका संबंध मी राखला नव्हता.

कॅसेट मी पुण्याला एकाकडून मोबाइलवर उतरवून घेतली. मधेमधे खरखर आहे, पण आवाज कळतात. मागच्या वर्षी ती मी तिसरीच्या मुलांना ऐकवली. बाईंबद्दल सांगितलं, टेपरेकॉर्डर कसा असायचा ते सांगितलं. मुलं कान देऊन ऐकत होती. “व्हाळ म्हंजी वढा, व्हय?” एकाने लगेच विचारलं. म्हस त्यांना समजावून सांगावी लागली नाही. “आमची म्हस व्हाळात...” इथे मी थांबवलं.

“मग पुढं काय झालं?” दोघं-तिघं एकदम म्हणाली.

मला माहीत नव्हतं. नंतरच्या वर्षांत एकदा मी त्या मुलीला विचारलं होतं, ती म्हणाली होती, “काय नाय.” मुलांनी पुन्हा विचारलं. मी टेप पुढे सोडली आणि त्यांना माझा आवाज ऐकू दिला.