ताब्याच्या आधीचे दिवस

चि. नंदूस,


परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास की, अपीलसुद्धा फेटाळलं गेलं, तरी आपले वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काका हलायचं नाव घेत नाहीत, आणि वरच्या मजल्याच्या पाण्याचा कॉक आपल्याच बाजूला आहे. दुसरं वाक्य तू सहज बोललास, पण मला ते रात्रभर टोचत राहिलं. वकिली सोडली तरी ती अंगातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र जपून ठेव आणि तुझ्या वकिलांनाही दाखव.

त्या कॉकला हात लावायचा नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 तू एकदा वाच. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय, यातलं काहीही सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. हातात ताब्याची डिक्री आहे म्हणून तो गुन्हा माफ होत नाही. काका घरात आहेत तोवर ती जागा त्यांच्या ताब्यात आहे, आणि तो ताबा फक्त कोर्टाने नेमलेला माणूस काढून घेऊ शकतो. सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघतच नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला, एवढंच कोर्ट बघतं.

माझ्याकडे एक पक्षकार होते. पेठेतला जुना वाडा, भाडेकरूविरुद्ध डिक्री, अपील संपलेलं. डिक्रीच्या अंमलबजावणीची दरखास्त तयार होती, फक्त दाखल करायची राहिली होती. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी भाडेकरूच्या खोलीवरची कौलं उतरवून ठेवली, कारण सांगितलं दुरुस्तीचं. पहिल्याच सरीत घरातली अंथरुणं, धान्य, मुलीची दहावीची पुस्तकं भिजली. भाडेकरू पोलीस चौकीत गेला, तिथून कोर्टात गेला, आणि मनाई हुकूम घेऊन आला. जे मालक इतकी वर्षं न्याय मागत होते, ते एका दिवसात आरोपी झाले. ज्या न्यायाधीशांपुढे ताब्याची मागणी करायची होती त्यांच्यापुढेच कौलांचे फोटो होते. त्या मुलीची फुगलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. मालकाची बाजू लढवणारी मी, पण त्या दिवशी कोर्टात उभं राहायला मला जड गेलं.

तुझा राग मला कळतो. कळत नाही असं समजू नकोस. 1947 च्या कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठवली. 1997 साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की हे आता न्याय्य राहिलेलं नाही. नवा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि तेव्हा कुठे वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आधीच नगण्य असलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे किती? तुझ्या आजोबांना मिळणाऱ्या भाड्यात कौलं चाळायची मजुरीही निघत नसे. तुझे आईवडील दोन खोल्यांत राहिले, तुझं लग्न झालं तरी जागा नाही, म्हणून तर स्वतःच्या गरजेच्या कारणावर दावा लावला आणि तो खरा होता म्हणून जिंकलात. माझं म्हणणं इतकंच की घरमालक बहुतेक वेळा दावा हरत नाही, शेवटच्या काही महिन्यांत तो हाताने बिघडवतो.

1872 साली प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात. अजूनही फारसा फरक पडलेला नाही, म्हणून पुढचं लक्ष देऊन वाच.

पहिलं काम हायकोर्टात कॅव्हेट. काका आता मुंबईला रिव्हिजन घेऊन जाणार, हे धरूनच चालायचं. कॅव्हेट असलं की तुला ऐकून घेतल्याशिवाय स्टे मिळायचा नाही. ते नव्वद दिवस टिकतं. नंतर पुन्हा दाखल करायचं. हा नव्वदावा दिवस विसरणारे मी कितीतरी पाहिले, आणि नेमका त्याच आठवड्यात स्टे होतो. समजा स्टे झालाच, तर रिकाम्या हाताने परत येऊ नकोस. 2004 सालच्या आत्माराम प्रॉपर्टीजच्या निकालापासून हे पक्कं झालं आहे की डिक्रीनंतर जागेत राहायचं असेल तर कोर्ट भाडेकरूला बाजारभावाने रक्कम भरायला लावू शकतं. तसा अर्ज वकिलांनी तयार ठेवायला हवा. आणि आजपासून काकांनी पैसे दिले तर पावतीवर 'भाडे' असा शब्द नको. 'जागेच्या वापराबद्दल भरपाई, आमच्या हक्कांना बाधा न येता' असं लिहायचं. एका शब्दावरून नवा भाडेकरार झाल्याची कहाणी उभी राहू शकते.

आता माझ्या मनातलं. हायकोर्ट रिव्हिजन फेटाळताना बहुधा विचारतं की, जागा सोडायला मुदत हवी का? हवी असेल तर हमीपत्र द्या. त्या वेळी तू वकिलांच्या मागे उभा राहून 'एक दिवसही नको' असं म्हणू नकोस. मुदत दे. सहा महिने मागितले तर सहा महिने दे. त्या हमीपत्रात काय असतं ते बघ: जागेत फक्त मी आणि माझ्या घरची माणसं राहतात, दुसऱ्या कोणालाही इथे हक्क निर्माण केलेला नाही आणि करणार नाही, ठरलेली रक्कम दरमहा भरीन, अमुक तारखेला दरखास्त न लावता मोकळा ताबा देईन. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घ्यायला वकिलांना सांग, विशेषतः काकांच्या मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाची. हमीपत्र मोडलं तर कोर्टाचा अवमान होतो. वॉरंट काढून, पोलीस बंदोबस्ताचे पैसे भरून जे मिळायला वर्ष लागतं, ते या एका कागदाने ठरलेल्या तारखेला मिळतं. शिवाय काकू सत्तरीच्या आहेत. त्यांना नवीन जागा शोधायची आहे, दवाखाना जवळ हवा आहे, लिफ्ट हवी आहे. लहानपणी तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तुला त्यांनीच दोन वेळ जेवायला घातलं, हेही मला आठवतं. दावा आपला खरा आहे म्हणून त्यांचं वय खोटं होत नाही.

नव्या जागेच्या अनामतीला किंवा टेम्पोला तू काही देणार असशील तर जरूर दे, पण ते कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन नोंदव. डिक्रीनंतरची तडजोड कोर्टात नोंदवली नाही तर दरखास्तीच्या कोर्टाला ती दिसत नाही. गल्लीतल्या मध्यस्थामार्फत पाकीट द्यायचं नाही. 'आठ दिवसांत जागा मोकळी करून देतो' म्हणणारी माणसं येतील. त्यांना चहासुद्धा विचारू नकोस.

हमीपत्र झालंच नाही तर दरखास्त. डिक्रीपासून बारा वर्षांपर्यंत ती लावता येते, पण दोन वर्षं उलटून गेली तर आधी नोटीस काढावी लागते, म्हणजे आणखी तारखा. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. प्रत्यक्षात तारखा पडतातच, पण हा निकाल अर्जात लिहिलेला असावा. ताब्याचं वॉरंट निघालं की ते कोर्टाच्या नाझरकडे जातं आणि तिथून बेलिफाच्या हातात. त्यावर परत पाठवायची तारीख असते. त्या तारखेआधी ताबा घेतला नाही तर वॉरंट तसंच परत जातं आणि सगळं पुन्हा.

ताबा घेण्याच्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण तू कधी पाहिलेलं नाहीस. बेलिफ सकाळी येतो. हातात वॉरंट, काखेत फाईल. दोन पंच लागतात, ते तुला आणायचे असतात. कुलूपवाला, हमाल, नवीन कुलूपही तुझंच. बेलिफ दार वाजवतो, वॉरंट वाचून दाखवतो, ताबा मागतो. घरात कोणी असेल आणि निघायला नकार दिला तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार कायद्याने बेलिफाला दिला आहे. दार बंद असेल तर कुलूप उघडण्याचा किंवा तोडण्याचाही. तो अधिकार तुला नाही. तू जिन्याच्या खाली उभा राहायचं. आत स्वयंपाक चालू असतो, गॅसवर कुकर असतो, आणि ती बाई पहिल्यांदा गॅस बंद करते. मग बहुतेक घरांत देवांपासून सुरुवात होते. देव्हाऱ्यातल्या मूर्ती ताम्हनात घालून कोणीतरी म्हातारं माणूस आधी बाहेर येतं. बेलिफ मांडीवर फाईल ठेवून पंचनामा लिहीत असतो: भिंतीला लावलेले दोन पंखे, एक लोखंडी कपाट, पत्र्याच्या ट्रंका तीन. सामान मागे राहिलं तर पंचांसमक्ष त्याची यादी होते. त्यातली एकही वस्तू तू उचलायची नाही, भांडंही नाही. शेजारी बघत असतात, कोणी मोबाईलवर चित्रण करतं. तुझ्या तोंडून त्या वेळी गेलेला एक शब्द पेठेत पुढची वीस वर्षं फिरतो.

मध्येच कोणी पुढे येऊन म्हणालं की मी वेगळा भाडेकरू आहे, डिक्री माझ्याविरुद्ध नाही, तर वाद घालू नकोस. बेलिफ तो अडथळा नोंदवून निघून जातो. निवाडा तो करत नाही. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 97 खाली अर्ज करायचा. 1976 च्या दुरुस्तीपासून त्या माणसाचा हक्क आहे की नाही ते त्याच दरखास्तीत ठरतं, नवा दावा लावावा लागत नाही. अडथळा आणणारा माणूस पुष्कळदा भाऊ नाही तर पुतण्या असतो, आणि म्हणूनच मी वर सगळ्यांच्या सह्यांचं म्हटलं.

ताबा मिळाला की ताबापावती, पंचनामा आणि बेलिफाचा अहवाल यांच्या नकला लगेच घे. आणि इथे आपलं काम संपत नाही, हे फारच कमी मालकांना ठाऊक असतं. आपली डिक्री स्वतःच्या राहण्याच्या गरजेवर आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात तू तिथे राहायला गेलं पाहिजेस. गेला नाहीस, किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलीस, तर काका तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतात. तुझा मित्र म्हणतो तसं आयटीतल्या मुलांना लीव्ह अँड लायसन्सवर देण्याचा विचार डोक्यातून पूर्ण काढून टाक. कोर्टाला जी गरज सांगितली ती खरी होती, तर तशीच वाग. फरशी आणि रंगाचं काम राहता राहता कर. गॅसचा आणि विजेचा मीटर नावावर करून घे, त्या पावत्या ठेव.

दरखास्तीचा मसुदा दाखल करण्याआधी मला पाठव. वरच्या दोन खोल्या, पुढची गॅलरी आणि जिन्याखालची लाकूडफाट्याची जागा, या तिन्हींचं वर्णन आणि चतुःसीमा दाव्यातल्याप्रमाणे अक्षरशः जुळली पाहिजेत. मूळ दाव्यात जिन्याखालची जागा 'उत्तरेस' लिहिली आहे की 'ईशान्येस', ते मला नक्की आठवत नाही. आईच्या कपाटातल्या हिरव्या फाईलमध्ये दाव्याची नक्कल आहे, तिचेही फोटो पाठव. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी