ड्यूटी लावताना

वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर कशी आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर तिची प्रार्थना ऐकत बसू नये. तिने लावलेली महिन्याची ड्यूटी पाहावी. नाइट कुणाच्या वाट्याला सारख्या येतात, रविवारचा ऑफ कुणाला मिळतो, सणासुदीला कोण घरी असतं, हे सगळं त्या एका कागदावर स्वच्छ दिसतं.

मी खामगावची, ख्रिस्ती घरातली. इथे अलायन्स मिशनचं मुलींचं अनाथालय होतं, शाळा होती. आमच्याकडच्या कितीतरी घरांत मुलगी शिकली की शिक्षिका व्हायची, नाहीतर नर्स. मी नर्स झाले, पुढे इन्चार्ज. 'तुम्ही लोक मुळातच सेवाभावी' हे वाक्य आयुष्यभर ऐकलं. ते कौतुक बहुतेक वेळा एखादी जादा ड्यूटी बरोबर घेऊनच यायचं. नर्स बाई आहे, त्यात ख्रिस्ती आहे, म्हणजे तिने 'नाही' म्हणूच नये, असा हिशेब.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर, स्त्री शिक्षिका हव्यात असं ठामपणे मागितलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला म्हणून मान तुकवली नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये अशी हरकत भारतातल्या बिशपांनी घेतली, तेव्हा आपण मायदेशी पुरुषांच्या सभांतून बोलत आलो आहोत, हे त्यांनी स्पष्ट सुनावलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती, तसा छापखानाही होता. विणकाम, तेलघाणा, शेती होती. दुष्काळातून वाचलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी छापलं गेलं. निराधार मुलीची कीव न करता तिच्या हाताला कसब द्यायचं, ही त्यांची श्रद्धेची रीत मला पटते.

माझ्या हाती छापखाना नाही, ड्यूटीचा तक्ता आहे. महिना संपत आला की पेन्सिलने रेघा मारून बसते. एकीचं बाळ अंगावर पितं. एकीला प्रकटदिनाला शेगावला जायचंय, एकीला ईदला घर हवं, एकीला चौदा एप्रिलची सुट्टी. मला नाताळ. नाताळची सुट्टी मी माझ्या पाळीने घेते. दरवर्षी हट्टाने नाही आणि दरवर्षी त्यागही करत नाही. जी इन्चार्ज सगळं अवघड स्वतःच्या अंगावर ओढून घेते, तिच्यापुढे बाकीच्यांना गाऱ्हाणं मांडायची सोय उरत नाही.

दुसरी परीक्षा नाइटच्या स्टाफकडून वॉर्डाची ओव्हर घेताना होते. सकाळी आठला आम्ही खाटेखाटेपाशी थांबतो: सलाइन किती उरलं, सुई टोचलेली जागा सुजली का, युरिन बॅग कितीवर आहे. एका सकाळी नाइटची मुलगी खाली बघत म्हणाली, "सिस्टर, चार नंबरचं सहाचं अँटिबायोटिक राहिलं." खाटेवरची आजी म्हणत होती, "मले रातभर झोप नाई आली वं." डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसा डोस दिला, नातेवाइकांना कल्पना दिली आणि काय झालं ते त्या मुलीलाच तिच्या अक्षरात नोंदवायला सांगितलं. मग तिला चहा दिला. तिला चारचौघींत फाडून खाल्लं असतं, तर पुढच्या वेळी राहिलेला डोस कागदावर 'दिला' म्हणून लागला असता. क्षमा करायची ती माणसाला. नोंद मात्र राहिली पाहिजे. प्रभुभोजनाआधी आपापली चूक कबूल करणाऱ्या मंडळीत वाढल्याचा मला वॉर्डात झालेला सर्वांत मोठा उपयोग हा.

आणि एक पथ्य. पेशंटला मी धर्माचं आपणहून काही सांगत नाही. तो आडवा, मी उभी. त्याचं इंजेक्शन माझ्या हातात. अशा माणसाला 'नको' म्हणणं जड जातं. कुणी आपण होऊन 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं, तर करते. येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा तो त्यांचा गुरूच होता आणि पाय धुतल्यावरही गुरूच राहिला. बेडपॅन देणं आणि वॉर्ड चालवणं यांत मला म्हणूनच विसंगती वाटत नाही. मदतनीस रजेवर असली की बेडपॅन मीही देते. आणि काम टाळणाऱ्या स्टाफला मेमोही देते.

नव्याने इन्चार्ज झालेल्या मुलींना एवढंच सांगेन: ड्यूटी लावून झाली की ती सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावा. कुणी 'हे असं का?' विचारलं, तर कारण सांगता आलं पाहिजे. जी ड्यूटी स्टाफला समजावून सांगता येत नाही, तिच्यावर देवाचा आशीर्वाद मागायला जाऊ नका. आधी ती खोडून नीट लावा.